देवगड, मामा आणि एक गंजलेलं रीळ

"वीकेण्डला काय करतेयस?" असं ऑफिसात कुणी विचारलं आणि मी "रीळ साफ करतेय" असं उत्तर दिलं, की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आमच्या टीममधल्या एका कार्टीला तर वाटलं, मी मोबाइलमधले जुने व्हिडिओ डिलीट करतेय. मग मी फोटो दाखवते. काळ्या, जाडजूड, दोन बशा समोरासमोर जोडाव्यात तसं दिसणारं एक यंत्र, बाजूला हँडल, हँडलच्या मुळाशी चांदणीसारखं चाक. आणि या सगळ्यावर हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखा थर. "ई, हे काय आहे?" ही पुढची प्रतिक्रिया ठरलेली.

हे काय आहे, तर मासे गरवायचं रीळ आहे. माझ्या मामाचं. आणि गेल्या वर्षभरात माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा मी या रिळापायी केलाय. तर तोच सांगते. आपण सगळेच हल्ली आजीची पितळी भांडी, आजोबांचा ग्रामोफोन, बाबांची लॅम्ब्रेटा वगैरे शोधून काढून चकाचक करत असतो, त्यामुळे तुमच्या कामाला येईल.

सुरुवात देवगडपासून करायला हवी, कारण गंजाची खरी राजधानी तीच. हापूसची राजधानी म्हणून तुम्ही देवगडला ओळखता, ते बरोबरच आहे, पण एप्रिल-मे सोडून कधी गेलात तर वेगळं देवगड दिसतं. रात्री कोकणकन्या पकडायची, सकाळी कणकवलीला उतरायचं, स्टेशनबाहेरची गर्दी टाळून टपरीवर चहा मारायचा आणि नांदगावमार्गे देवगडची एसटी धरायची. शिरगाव गेलं, की हवा बदलते. जामसंडे येईपर्यंत ओठांवर जीभ फिरवली तर खारट लागतं. मी ही टेस्ट लहानपणापासून करत आलेय. ओठ खारट लागले, की मामाचं घर आलं.

गावाच्या टोकाला आंग्र्यांच्या काळातला किल्ला. त्यात 1915 सालचं दीपगृह. तटावर उभं राहिलं, की एका बाजूला बंदराचं शांत पाणी आणि दुसऱ्या बाजूला उघडा अरबी समुद्र, दोन्ही एका नजरेत. किल्ल्याच्या खाली काळा कातळ, आणि त्या कातळावर संध्याकाळी चार-पाच माणसं हातात काठी घेऊन पुतळ्यासारखी उभी. टूरिस्ट सगळे पवनचक्क्यांपाशी सनसेटचे फोटो काढत असतात. मी लहान असल्यापासून माझा पत्ता मात्र कातळावरचा. हातात सुंगटांचं डबडं. मामा गरी टाकणार, मी आमिष देणार. आमच्याकडे "फिशिंगला जाणे" नसतं, "गरवूक जाणे" असतं.

आता खाऱ्या वाऱ्याबद्दल. मुंबईत समुद्र असूनही आपल्याला याचा अंदाज नसतो. देवगडात समुद्राकडे तोंड असलेल्या घरात खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवले नाहीत, तर बोटाने दाबून पापुद्रे निघतात. सायकलची चेन पावसाळ्यात आठवडाभर उभी राहिली तर नारिंगी होते. फ्रीजचा पाठचा पत्रा, टीव्हीची वायर, दाराची कडी, कपड्यांचे चिमटे, सगळ्याचा सारखाच निकाल. टिकतो फक्त चिरा. त्या तांबड्या दगडात लोखंड असतं, म्हणजे तो आधीच गंजलेला असतो, त्याला काय आणखी गंजायचंय, असा मामाचा जोक आहे. (जोक नाहीये हा, जांभ्याचा लाल रंग खरोखरच लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो. मी नंतर वाचलं.)

मामा मर्चंट नेव्हीत फिटर होता. इंजिन रूममध्ये. युनिफॉर्मवाला ऑफिसर नव्हे, हातात पाना घेऊन चाळीस-बेचाळीस डिग्रीत घामाघूम होणारा माणूस. कोकणातल्या घराघरांत असा एक तरी बोटीवरचा माणूस असायचा, आणि त्याच्या ट्रंकेतून जगभरातल्या वस्तू गावात पोचायच्या. आमच्याकडे टेपरेकॉर्डर आला, जपानी छत्री आली, आणि 1979 साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या बंदरातून हे रीळ आलं. बोट नांगरून दिवसच्या दिवस उभी असायची, तेव्हा हे लोक डेकवरून गरवायचे. बाकीचे हाताने दोरी सोडायचे. मामाने पैसे साठवून रीळ घेतलं. 'पेन सेनेटर'. लिहिण्याचं पेन नव्हे. ही कंपनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातली. ऑटो हेन्झे नावाच्या जर्मनीहून आलेल्या माणसाने 1932 साली ती सुरू केली आणि खाऱ्या पाण्यात टिकणारी रिळं बनवून नाव कमावलं. ही रिळं खोलायला सोपी. प्रत्येक भागाला स्वतःचा नंबर, त्यामुळे पन्नास वर्षं जुन्या रिळालाही भाग मिळायची शक्यता असते. नंतर 2007 मध्ये ती कंपनी एका मोठ्या ग्रुपने विकत घेतली, पण जुनी फिलाडेल्फियावाली रिळं अजून जगभर बंदराबंदरांवर फिरतायत.

गेल्या जानेवारीत मी देवगडला गेले तेव्हा मामी माळा साफ करत होती. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली आला. डबा उघडेना. झाकण गंजून चिकटलेलं. पिळून काढलं तर आत बनियनच्या चिंधीत गुंडाळलेलं रीळ. मामाने सहा-सात वर्षांपूर्वी गरवणं बंद केलं. आधी गुडघे गेले, मग डोळे. आता त्याला माणूस आवाजावरून आणि चालण्याच्या लकबीवरून कळतो. त्याने रीळ हातात घेतलं, हँडल फिरवून पाहिलं. फिरलं! आतून टर्रर्र आवाजही आला. आत ग्रीस भरून ठेवलेलं होतं, म्हणून आतलं सगळं ठणठणीत. वाट लागली होती ती फक्त बाहेरची.

"तू घेऊन जा गो," मामा म्हणाला. "बघ काय जाता तर."

बस्स, एवढंच. माझ्यासारख्या प्रोजेक्ट मॅनेजरला एवढं पुरे. परतीच्या गाडीतच माझा प्लॅन तयार. दिवाळीपर्यंत रीळ शोरूममधून आणल्यासारखं करायचं, मामाच्या हातात ठेवायचं आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे.

ठाण्याला आल्यावर पहिला सल्ला आईचा. "चिंच-मीठ लाव, दोन मिनिटांत लखलखेल." आणि खरंच लखलखलं! गणपतीत समई घासतो तसं घासलं, धुतलं, पुसलं, गॅलरीतल्या स्टुलावर ठेवलं. व्हॉट्सॲपवर फोटो, पंचवीस अंगठे. आठ दिवसांनी बघते तर जिथे जिथे डाग होते तिथे तिथे पुन्हा हिरवं. आधीपेक्षा जास्त.

हे का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. या रिळाच्या कडांच्या रिंगा, खालचं स्टँड, चांदणीचं चाक हे सगळं पितळेचं. त्यावर निकेल आणि निकेलवर क्रोम. क्रोमचा हा थर म्हणजे काय, तर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून कल्पना करा. क्रोम स्वतः गंजत नाही, पण त्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. त्यातून मिठाचं पाणी खाली पितळेपर्यंत पोचतं, पितळेतलं तांबं हिरवं होतं, फुगतं आणि वरचं क्रोम पापडासारखं उचलतं. म्हणजे शत्रू कोण, तर मीठ. आणि आम्ही साफ करायला काय लावलं, तर मीठ! समई आपण घासून भरपूर पाण्यात धुतो, पुन्हा पुन्हा घासतो, तिला चालतं. बारीक भोकाभोकांत मीठ अडकून बसणाऱ्या क्रोमच्या वस्तूला नाही चालत.

मग व्हिनेगर. हिरवा थर व्हिनेगरमध्ये विरघळतो, हे शंभर टक्के खरं. अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर, दहा-पंधरा मिनिटं, बाहेर काढून जुन्या टूथब्रशने हलकेच घासायचं, गरज असेल तर पुन्हा एकदा. मला हे माहीत होतं. पण त्या रात्री अमेरिकेबरोबरचा कॉल लांबला आणि मी झोपून गेले. सकाळी वाडग्यात बघते, तर एक छोटा स्क्रू आणि हँडलची टोपी चक्क गुलाबी! जास्त वेळ आम्लात राहिलं की पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर तांब्याचा गुलाबी रंग उरतो. तो स्क्रू मी अजून जपून ठेवलाय, स्वतःला शिक्षा म्हणून.

पण खरा गाढवपणा हा नव्हेच.

एव्हाना रीळ पूर्ण सुटं झालं होतं. अंड्यांच्या ट्रेमध्ये प्रत्येक खळग्यात एक एक भाग, उघडलेल्या क्रमाने. (हा एकच शहाणपणा मी केला. स्क्रू एकसारखे दिसतात, पण नसतात.) सगळ्यात खराब अवस्था होती डाव्या बाजूच्या रिंगेची. तिच्या कडेवर एका जागी क्रोम पार फाटलेलं, हिरवा थर सगळ्यात जाड तिथेच. तो काढल्यावर खाली खोल ओरखडे दिसायला लागले. कुणीतरी रीळ दगडावर आपटलं असणार, असं मी गृहीत धरलं. ओळखीने एका निकेल-क्रोमवाल्याचा पत्ता मिळाला. छोटासा गाळा, पाण्याच्या हौदांसारख्या टाक्या, नळांच्या तोट्या आणि बाइकच्या सायलेन्सरांचे ढीग. मालकाने रिंग हातात फिरवली, कडेवरून नख फिरवलं आणि मला विचारलं, "मॅडम, ये लाइनें भी निकालनी हैं?"

त्याने विचारलं होतं, हे मी मुद्दाम लिहितेय. चूक त्याची नाही. मी म्हटलं, "हां हां, सब निकाल दो. एकदम नया जैसा."

नवीन क्रोम चढवायचं तर आधी जुनं उतरवावं लागतं. मग बफिंग. कापडाचं जाड चाक गरगर फिरतं, त्याला पॉलिशची वडी लावायची आणि वस्तू दाबून धरायची. खड्डे जातात म्हणजे भरून येत नाहीत, खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं सगळं पितळ झिजवलं जातं. धारदार कडा गोल होतात. मग निकेल, मग क्रोम. चार दिवसांनी मला रिंग, स्टँड आणि चांदणीचं चाक मिळालं. झळाळत होतं अगदी. फाइव्ह स्टार हॉटेलातल्या बाथरूमचा नळ. मला जाम आनंद झाला. उजव्या रिंगेचं काम पुढच्या महिन्यात करू म्हटलं, कारण बजेट संपलं होतं.

नोव्हेंबरात, भाऊबीज करून, सुट्टी टाकून देवगड गाठलं. संध्याकाळी पडवीत मामाच्या हातात रीळ ठेवलं. मामी म्हणाली, "अगो बाई, केवढां चमकता!" मामाने नेहमीसारखं डाव्या हातात धरलं. अंगठा डाव्या रिंगेच्या कडेवर गेला. एकदा फिरला. परत मागे आला. मग पूर्ण गोल फिरला.

"माझ्यो रेघो खंय गेल्यो?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कसल्या रेघा मामा? ओरखडे होते ते?"

"ओरखडे नाय गो ते. सात येळा साइन ऑन केलंय. सात रेघो."

प्रत्येक वेळी बोटीवर चढताना, काँट्रॅक्टवर सही करताना, त्याने इंजिन रूममधल्या छिन्नीच्या टोकाने एक रेघ मारली होती. पहिली 1979 च्या काँट्रॅक्टची. शेवटची मारली तेव्हा माझे आजोबा आजारी होते. ते काँट्रॅक्ट संपल्यावर तो परत गेला नाही, इथेच राहिला, कलमं लावली, संध्याकाळी कातळावर उभा राहिला. क्रोम फोडून रेघा मारल्या म्हणजे तिथूनच हिरवं शिरणार, हे त्याला, फिटरला, तेव्हाच माहीत होतं. तरीही मारल्या. डोळे गेल्यावर रीळ कुठल्या बाजूने धरलंय हे त्याला त्या रेघांवरून कळायचं, हे मामीने मला रात्री भाकऱ्या थापताना सांगितलं.

मी काय बोलणार? "परत कोरू का?" असं विचारलं मी. किती बावळट प्रश्न.

"आता कोरलंस तर त्यो तुझ्यो. माझ्यो नाय," मामा म्हणाला. रागाने नव्हे. तापमान किती आहे सांगावं तसं. मग थोड्या वेळाने, "ऱ्हवांदे. उजवी रिंग हा मां? ती हय दी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत चटई टाकून आमची शाळा भरली. मामा खुर्चीत, मी खाली. डोळे नसताना त्याने मला जे दाखवलं, ते मला वर्षभराच्या व्हिडिओंनी शिकवलं नव्हतं. पहिलं काम, काहीच न करणं. उजवी रिंग आणि काळ्या प्लेट्स विहिरीच्या गोड्या पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि चहा प्यायचा. दोन तासांनी पाणी बदलायचं. परत चहा. "मीठ पाण्यान जाता, घासून नाय." मी म्हटलं, किती वेळा? तर तो म्हणाला, पाणी चाखून बघ. मी खरंच चाखलं. (डॉक्टरांना सांगू नका. हिरव्या थराचं पाणी चाखू नये, मामा चेष्टा करत होता हे मला नंतर कळलं. मामी अजून हसतेय.)

दुपारी हिरव्या जागांवर व्हिनेगर, पण बुडवून नाही. कापसाच्या बोळ्याने फक्त डागावर, आणि मनात शंभर अंक मोजून पुसून टाकायचं. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, म्हणजे उरलंसुरलं आम्ल मरतं. मग पुन्हा विहिरीचं पाणी. भोकांतलं हिरवं टोकरायला सुई नाही, बांबूची काडी. सुई क्रोमला चरे पाडते, काडी स्वतः झिजते. हँडलचे स्क्रू पोलादाचे होते, त्यांच्यावरचा तांबडा गंज काढायला त्याने मामीकडून जेवणाच्या डब्याला गुंडाळतात ती चांदीसारखी फॉइल मागितली. तिचा बोळा करून, पाण्यात भिजवून घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे क्रोमला ओरखडा पडत नाही आणि गंज मात्र निघतो. इंजिन रूममध्ये सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाने हे करायचे म्हणे.

काळ्या प्लेट्स बेकेलाइटच्या. बेकेलाइट गंजत नाही, पण ऊन खाऊन मातकट होतं. मी त्यावर गाडीचं पॉलिश लावून जोर काढायला लागले, फडकं तपकिरी झालं आणि मला वाटलं, वा, मळ निघतोय. मामाने फडकं हातात घेतलं आणि वास घेतला. "मळ नाय ह्यो. प्लेट झिजता." जुनं बेकेलाइट घासलं की असा औषधासारखा उग्र वास येतो. म्हणजे जे निघत होतं ते रीळच होतं. तिथे मी थांबले. प्लेट आता काळी कुळकुळीत नाही, थोडी जुन्या पाटीसारखी आहे. 'पेन' आणि 'सेनेटर' ही अक्षरं मात्र स्वच्छ वाचता येतात, आणि अजून घासलं असतं तर ती पण गुळगुळीत झाली असती.

उजव्या रिंगेवर क्रोम जिथे उडालंय तिथे खाली पितळ दिसतं, पिवळट, खड्ड्याखड्ड्यांचं. ते तसंच ठेवलं. वरून गाडीचं मेण. पातळ थर, वाळू द्यायचं, पुसायचं, परत एकदा. मेणाने चमक फारशी येत नाही, पण खारी हवा आणि पितळ यांच्यामध्ये काहीतरी राहतं. "ह्यां चकचकीत करून काय आरशात तोंड बघूचा हा?" असं मामा म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं, कारण त्याला आरशात काय दिसणार.

आता ते रीळ एका बाजूने हॉटेलचा नळ आणि दुसऱ्या बाजूने 1979. ऑफिसातल्या एकीने विचारलं, "दुसरी बाजू कधी पूर्ण करणार?" मी म्हटलं, पूर्ण झालीय. उलट पहिलीच बाजू बिघडलीय. तिला कळलं नाही, ते ठीक आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाने शेजारच्या पोराकडून काठी मागवली. त्याला स्वतःला कातळावर उतरता येत नाही, त्यामुळे तो वर सपाटीवर खुर्ची टाकून बसला आणि मी खाली. आयुष्यात पहिल्यांदा डबडं धरायला मी नव्हते, शेजारचं पोर होतं. भरती चढत होती. पेडव्याचा तुकडा लावला, शिसं लावलं, रिळाचं लिव्हर सोडलं आणि अंगठा ठेवायला विसरले. दोरीचा असा काही गुंता झाला की काय सांगू. फिरत्या रिळाला अंगठ्याचा ब्रेक द्यावा लागतो, नाहीतर रीळ दोरीच्या पुढे धावतं. वरून आवाज आला, "आंगठो!" त्याला गुंता दिसला नव्हता. नुसता आवाज ऐकून कळलं.

अर्धा तास गुंता सोडवण्यात. मग दुसरी फेक, तिसरी, दहावी. सूर्य पवनचक्क्यांच्या बाजूला उतरला, दीपगृहाचा दिवा लागला. आणि मग रीळ बोललं. टर्र. थांबलं. टर्रर्रर्र. काठी वाकली. मी किंचाळले, पोर किंचाळलं. वरून मामा शांतपणे, "चांदणी आवळ. हळू. ओढू नको, दमांदे तेका." चांदणीचं चाक फिरवलं की आतला ब्रेक घट्ट होतो आणि माशाला दोरी ओढणं जड जातं. माझ्या घामट बोटांतून ते नवं कोरं, गुळगुळीत, हॉटेलवालं चाक सटकत होतं. जुन्याला कडा होत्या, बफिंगमध्ये गोल झाल्या. मी दात ओठ खाऊन ओढणीत धरून फिरवलं.

गोबरा होता. किलोभराचा असेल नसेल. कातळावर आला तेव्हा माझे हात थरथरत होते. वर नेऊन मामाच्या हातात दिला. त्याने मासा चाचपला, तोंडाकडून शेपटीपर्यंत, वजन केल्यासारखा वर-खाली केला आणि मामीला आवाज दिला, "खोबऱ्या काढून ठेव." मग काठी माझ्याकडून घेतली आणि अंधारात बराच वेळ रीळ नुसतं फिरवत बसला. अंगठा डाव्या रिंगेवर. तिथे काहीच नव्हतं.

रात्री रीळ विहिरीच्या पाण्याने धुतलं, पुसलं, मेण लावलं. पत्र्याच्या डब्यात नाही ठेवलं. बंद डब्यात दमट हवा कोंडते आणि गंज घरबसल्या वाढतो. सुती पिशवीत घालून, आत वाळवलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकून, माजघरात खुंटीवर टांगलं. मामा म्हणाला, "घेऊन जा ठाण्याक." मी म्हटलं, नको, इथेच राहू दे, मी येईन. पण त्याने ऐकलं नाही. ठाण्याला हवा कमी खारी, हे त्याचं कारण.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास फोन वाजतो. माझी तब्येत, नोकरी, लग्नाचं काय ठरलं वगैरे काही नाही. एकच प्रश्न.

"हिरवा इला काय?"

मी पिशवी उघडते, खिडकीशी नेऊन दोन्ही रिंगा फिरवून बघते. उजवीकडे एका खड्ड्यात मागच्या महिन्यात टाचणीच्या टोकाएवढं आलं होतं. सांगितलं. तर फोनवर पलीकडे पाच-दहा सेकंद शांतता, आणि मग, "पाण्यात घाल. घासू नको. आणि खंय ता बोटान नीट बघून ठेव."